निजायच्या खोलीतले लाकूड आणि उजेड

मागच्या वर्षी मुलाच्या लग्नाआधी आम्ही दोन कामे एकदम काढली. वरच्या मजल्यावर नव्या जोडप्यासाठी एक खोली सजवायची होती, आणि खाली मागच्या बाजूचे जुने माळवद उतरवायचे होते. धर्माबादला आमच्या गल्लीत आता दोन-तीनच माळवदे उरली आहेत. आमचे उतरवले तेव्हा सागाचे अकरा खांब निघाले. त्याच दुपारी फर्निचरवाल्याचा माणूस वरच्या खोलीसाठी नमुने घेऊन आला. त्याने टेबलावर लाकडाचा एक पातळ काप ठेवला आणि म्हणाला, "काका, हे अस्सल सागवान. हात लावून बघा." लावला. लग्नपत्रिकेचा कागद असतो तेवढी जाडी होती. विनिअर म्हणतात त्याला.

तो खोटे बोलत नव्हता. ते सागवानच होते. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे साल काढायचे आणि प्लायवूडवर चिकटवायचे, अशी ती रीत आहे. मी रात्री बसून हिशेब केला. एक फूट लांब, रुंद आणि उंच अशा लाकडाच्या ठोकळ्यातून, नासधूस धरली नाही तर, सहाशे चौरस फूट साल निघते. आमचा खालचा एक खांब सहा इंच बाय सहा इंच, उंची आठ फूट. म्हणजे दोन घनफूट. बारा बाय दहाच्या खोलीच्या चारही भिंती मिळून साडेचारशे चौरस फुटांच्या आतबाहेर होतात. एका खांबाच्या सालीत जवळजवळ तीन खोल्या मढतील! ज्या खांबाने शंभर वर्षे छत डोक्यावर धरले, तो आता तीन घरांच्या भिंतींवर नुसता दिसण्यापुरता उरेल. यात वाईट काही आहे असे मला त्या रात्री वाटले नाही, आजही वाटत नाही. पण निजायच्या खोलीत लाकूड कशासाठी असते, हा प्रश्न डोक्यात शिरला तो गेला नाही. मी काही वास्तुशास्त्रज्ञ नव्हे की इंजिनिअर. सुतार, गवंडी, वायरमन यांच्याशी बोलत आणि पुस्तके चाळत जे जमवले ते इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बेडरूम नावाची खोली आपल्याकडे फार उशिरा आली. पंढरपूरच्या विठ्ठलाला शेजघर आहे, शेजारती आहे, पण त्याच्या बहुतेक भक्तांना वेगळे शेजघर नव्हते. श्रीमंतांच्या वाड्यात शेजघर असे. बाकीच्यांच्या घरात ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि उन्हाळ्यात माळवद. बाज उचलून जिथे टाकाल तिथे निजायचे. पुरुष ओसरीवर किंवा ढेलजेत, बायका-मुले माजघरात. दार लावून घ्यायची एकच खोली असे, ती बाळंतिणीची. अंधारी, उबदार, कोपऱ्यात एक दिवा. आजच्या बेडरूमची खरी पूर्वज शोधायची तर ती हीच, असे मला वाटते.

या घरांची रचना समजून घ्यावी लागेल, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. घराचे माप खोल्यांत नव्हे, खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. तळखड्यावर खांब उभा, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा, त्यावर काड्या-पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. सागवान दूरचे नव्हते. किनवट-माहूरचे जंगल जवळ, आणि आदिलाबादचेही. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते, आणि आमच्या शेजारचा मुधोळ तालुका नांदेडात. राज्यांच्या पुनर्रचनेत दोघांची अदलाबदल झाली. लाकडाला मात्र सीमा कळत नव्हती. लाकूडकामाची आवडही सीमा ओलांडूनच यायची. बासरच्या पुढे निर्मळ आहे. तिथले कारागीर पोणिकीच्या हलक्या लाकडाला चिंचोक्याच्या खळीचा हात देऊन, वर रंग आणि रोगण चढवून खेळणी आणि चित्रे करतात. लाकडाच्या अंगावर वेगळी कातडी चढवण्याची कला आपल्या परिसरात नवी नाही, एवढेच यातून सांगायचे आहे. फरक असा की निर्मळच्या कारागिराने चिंचोक्याची खळ लपवून तिला सागवान म्हटले नाही.

माळवदाच्या घरात सागाचा खांब झाकलेला नसे. त्याला जवसाचे तेल पाजत. जवस हे आपल्याच रानातले पीक; त्याचे तेल लाकडात मुरते आणि हवा लागली की हळूहळू घट्ट होते. हेच तेल शिजवून केलेले बेलतेल रंगाच्या दुकानात अजूनही मिळते. (तेल पुसलेल्या चिंध्या मात्र कधीही बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. दिवाळीच्या तोंडावर घरी पॉलिश काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

आता त्या पहाटेकडे येतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे उशिरा निजली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. धर्माबादला आम्ही बाजेवरून उठून बाहेर आलो, भांडी वाजली, कुत्री भुंकत राहिली, एवढेच. दुपारपर्यंत बातम्या येऊ लागल्या. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण कोणताही साडेसात हजारांच्या खाली जात नाही. भूकंपाची तीव्रता 6.2 ते 6.4 अशी सांगतात. जगात एवढ्या तीव्रतेचे धक्के दरवर्षी अनेक बसतात. इतकी माणसे मेली ती मुख्यतः दोन कारणांनी: ती निजलेली होती, आणि त्यांच्या डोक्यावर माती होती.

हिशेब पुन्हा करून पाहू. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला मातीचा नवा हात द्यायचा, जुना थर काढायचा नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. थर अर्धा मीटर, काही घरांत त्याहूनही जाड झाला. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. दहा बाय दहाच्या एका खोलीवर सात टन! खाली दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, त्याही चिखलात रचलेल्या. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. जमीन हलली आणि भिंती दोन पदरांत फाटल्या.

नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट पुन्हापुन्हा नोंदवली आहे, आणि ती आपण विसरलो. जिथे माळवद भिंतीवर टेकलेले होते तिथे ते भिंतीसोबत आले. जिथे ते लाकडी खांबांवर होते, तिथे कितीतरी घरांत भिंती ढासळल्या पण छत खांबांवर उभे राहिले. खणाच्या घरांनी माणसे वाचवली. सगळ्या नव्हे, तिरपा आधार नसलेले खांब कललेही. पण लाकूड हे मारणाऱ्यांत नव्हते, वाचवणाऱ्यांत होते.

लोकांच्या मनात मात्र दगड, माती आणि लाकूड यांची एकच मोळी बांधली गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सिमेंट म्हणजे सुरक्षित, असे समीकरण पक्के झाले. ज्यांचे एक कौलही सरकले नव्हते त्यांनीही नांदेडपर्यंत माळवदे उतरवायला सुरुवात केली. खांब-तुळया मोडीत गेल्या. माझ्या थोरल्या चुलत्यांनी त्या वर्षी माळवदाखाली निजणे सोडले आणि पुढे मरेपर्यंत अंगणात बाज टाकली, पावसाळ्यात पत्र्याखाली. भीतीला आपण शास्त्र शिकवू शकत नाही.

मग तीस वर्षांनी लाकूड परत आले. आले ते सालीच्या रूपात, आणि थेट पलंगाच्या डोक्याशी.

आजच्या बेडरूममध्ये 'वुडन फिनिश' म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक भरीव लाकूड. दोन, प्लायवर विनिअर. यात वरचे साल खरे असते आणि त्याला पॉलिश लागते. तीन, लॅमिनेट, म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो. हे लाकूडच नव्हे. छापील लाकडी रेषांचा कागद, रसायनात भिजवून दाबलेला, जाडी बहुधा एक मिलिमीटर. त्याला पॉलिश लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो, पेल्याचा डाग पडत नाही. लहान मुलांच्या घरात मी सनमायकाच सांगेन. त्याच्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी रोज ते फर्निचर कोण पुसते हे एकदा पाहावे.

साल कोणतेही असो, खरा प्रश्न खालच्या फळीचा. बाजारात प्लायचे दोन मुख्य प्रकार: साधा, भारतीय मानक 303 चा, आणि पाण्याला टिकणारा, 710 चा, ज्याला दुकानदार मरीन म्हणतात. साध्या प्लायमध्ये थर चिकटवायला बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्याचेच. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू अधिक सुटतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, लगेच जूनमध्ये दमट हवा. आणि वर एसीसाठी खिडक्या बंद. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. घाबरून जाण्याचे कारण नाही, धोका किती तास आणि किती प्रमाण यावर ठरतो. पण माणूस दिवसातले सात-आठ तास सलग एकाच खोलीत श्वास घेतो ती हीच खोली. 710 च्या प्लायमध्ये फिनॉलचा गोंद असतो आणि त्यातून हा वायू पुष्कळ कमी सुटतो. लोक तो पाण्यासाठी म्हणून न्हाणीघराजवळ वापरतात. मी म्हणेन, फुप्फुसांसाठी म्हणून निजायच्या खोलीत वापरा. आणि काम संपल्यावर खोलीत राहायला जायच्या आधी तीन-चार आठवडे कपाटांची दारे-खिडक्या उघड्या ठेवा. लग्नाच्या मुहूर्ताला खोली तयार पाहिजे म्हणून शेवटच्या आठवड्यात पॉलिश मारणे हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. आमच्याकडेही झाला.

दुसरा घोळही आमच्याच घरातला. मुलीच्या खोलीत काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने पलंगामागची भिंत फळ्यांनी मढवली होती. काळ्या मातीवरच्या घराला ओल आणि भेगा ठरलेल्या. फळी आणि भिंत यांच्यात बोटभर पोकळी ठेवायला हवी होती, ती ठेवली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात फळी फुगली, तिसऱ्यात उधळी लागली. सागाच्या गाभ्याला उधळी सहसा लागत नाही, कारण त्याच्यातच तिला न मानवणारी द्रव्ये असतात. पण अर्धा मिलिमीटर साग खालच्या हलक्या लाकडाला काय वाचवणार? उधळीने साल तेवढी शाबूत ठेवली होती. बोट लावले तर आत गेले.

पॉलिशबद्दल दोन शब्द. लाखेचे हातपॉलिश सर्वांत देखणे, दुरुस्तीला सोपे, पण गरम पेला ठेवला की पांढरा डाग. मेलामाइन आणि पीयू टिकाऊ. यांत चकचकीत की मंद हा प्रश्न लोक आवडीचा मानतात. माझ्या मते तो उजेडाचा आहे. (धर्माबादकरांना एक सांगतो: मिरचीच्या हंगामात मोंढ्याजवळच्या गल्लीत पॉलिश करू नका. हवेतली बुकी ओल्या पॉलिशवर बसते. आमचा पॉलिशवाला शिंकत शिंकत तीन हात देऊन गेला, आणि कपाटाचे एक दार अजून हाताला खरबरीत लागते.)

उजेडाचे जुने गणित साधे होते. दिवसा माळवदाच्या साण्यातून उन्हाचा कवडसा येई. तो जमिनीवर सरकत जाई, त्यावरून बायका वेळ ओळखत. रात्री भिंतीतल्या देवळीत दिवा किंवा रॉकेलची चिमणी. देवळीची कमाल मला फार उशिरा कळली. भिंत दोन-तीन फूट जाड, देवळी आत खोल. तिची उंची बसलेल्या माणसाच्या छातीएवढी. खाली आडवे झालात की ज्योत दिसत नाही, फक्त देवळीच्या काठावरचा उजेड दिसतो. दिवा आहे, पण डोळ्यांत जात नाही. आज ज्याला कोव्ह लाइट म्हणून चौरस फुटाने पैसे घेतात ती युक्ती हीच.

आता आकडे पाहा. एक मेणबत्ती साधारण बारा लुमेन उजेड देते. नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब नऊशेच्या आसपास. म्हणजे पंचाहत्तर मेणबत्त्या. फॉल्स सीलिंगमध्ये असे सहा-आठ गोल दिवे ठोकले की खोली मंगल कार्यालयासारखी उजळते. निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 चे नोबेल मिळाले ते योग्यच होते; 2015 पासून सरकारी उजाला योजनेतून हे बल्ब स्वस्त झाले आणि गावोगाव पोचले. आपण मात्र त्यांतला 6500 केल्विनचा, निळसर पांढराच पसंत केला. ट्यूबलाइटची सवय, आणि पांढरा उजेड म्हणजे जास्त उजेड हा समज. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. तेलाची पणती 1900 च्या आसपास असते, जुना पिवळा बल्ब 2700.

डोळ्याच्या पडद्यात पाहण्याखेरीज दुसरे काम करणाऱ्या काही पेशी असतात. 2002 च्या सुमारास हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. या पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस की रात्र एवढेच कळवतात, आणि त्या सर्वांत जास्त दाद देतात 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला. रात्री दहा वाजता छतातून निळसर उजेड डोळ्यांत उतरला की मेंदूला वाटते दिवस चालू आहे, आणि झोप आणणारे मेलाटोनिन मागे पडते. म्हणून बेडरूममध्ये 2700, फार तर 3000 केल्विन. कपाटासमोर कपड्यांचा रंग पाहायला एक पांढरा दिवा, वेगळ्या बटणावर.

लाकडाचाही यात स्वार्थ आहे. सागाचा रंग तांबूस-पिवळा. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर आणि गडद तांबडा जवळजवळ नसतो. प्रकाशात जो रंग नाही तो लाकूड परत कुठून देणार? दुकानात पिवळ्या दिव्याखाली सोन्यासारखा दिसणारा विनिअर घरी राखाडी दिसतो तो यामुळे. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, तो 90 च्या पुढचा घ्यावा. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, तांबड्याची नोंद वेगळी, त्यामुळे विनिअरचा तुकडा सोबत नेऊन त्या दिव्याखाली पाहावा हे बरे.

आता चकचकीत पॉलिशचा मुद्दा. बेडरूमचे फोटो दारात उभे राहून काढलेले असतात. डिझाइनही दारातूनच केले जाते. पण त्या खोलीत माणूस बहुतेक वेळ आडवा असतो, त्याची नजर छताकडे. दारातून सुंदर दिसणारे छतातले दिवे आडव्या माणसाच्या थेट डोळ्यांत येतात. समोरचे कपाट चकचकीत असेल तर त्यातूनही पुन्हा येतात. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा आला तर सगळी खोली लुकलुकते. ही चूक मी गावात चार घरांत पाहिली आहे. मंद पॉलिश, छतात दिवे कमीत कमी, उजेड भिंतीवरून किंवा पलंगाच्या पाठीमागून परतून येणारा, बटण उशाशी हाताला लागेल असे, आणि रात्री उठण्यासाठी जमिनीलगत एक पिवळा क्षीण दिवा. घरात म्हातारे माणूस असेल तर हा शेवटचा दिवा बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा.

आडव्या माणसाच्या नजरेने पाहिले की किल्लारी पुन्हा समोर येते. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली-नांदेडला दोन धक्के बसले, पहिला 4.5 तीव्रतेचा. जुलैत पुन्हा एक. नुकसान फार नव्हते. पण त्या सकाळी मी ज्या ओळखीच्या घरांत गेलो, तिथे पलंगावर काय काय आहे ते पाहू लागलो. डोक्यावर भिंतीत लटकवलेली कपाटे, त्यांत जुने अल्बम आणि ट्रॉफ्या. माळ्यावर गाद्या, तांब्या-पितळेची भांडी. छतापर्यंतचे वॉर्डरोब, भिंतीला एकही बोल्ट नाही. स्वतःच्या वजनावर उभे. आपण माती उतरवली आणि तिच्या जागी सामान चढवले.

वरच्या खोलीत शेवटी काय केले ते सांगतो. पलंगाच्या डोक्यावर काहीही नाही. वॉर्डरोब 710 च्या प्लायचा, विनिअरचा, मंद पॉलिशचा, भिंतीला चार ठिकाणी बोल्टने बांधलेला. उशाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत देवळीएवढे दोन कोनाडे. पाऊण फूटच खोल, विटांच्या भिंतीत त्याहून जास्त जमले नाही. म्हणून दिवा आत वरच्या कोपऱ्यात लपवला. सूनबाईला छतात दिवे हवे होते. दोन बसवले, बटणे वेगळी. ती ते रोज लावते, आणि मी वर जात नाही.

पलंग खांबांतून झाला. मिस्त्री आधी तयार नव्हता. "काका, जुन्या लाकडात खिळे अस्तेत, माझं पातं जाईल," म्हणाला. एक अख्खा दिवस लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, सतरा निघाले. रंधा फिरला तसा काळा पडलेला वरचा थर गेला आणि आतून ओल्या मधासारखा रंग आला. वास अजून होता. एका पायाला तुळईच्या खाचेचा चौकोन राहिला आहे. मिस्त्रीला तो बुजवून वर विनिअरचा तुकडा लावायचा होता. मुलगा म्हणाला, राहू द्या.

चार खांब पलंगात गेले. उरलेले सात परसात विटांवर रचून ठेवले आहेत. लातूरचा एक जुन्या लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन भाव सांगून गेला आहे.